गोलाईचे सोळा रस्ते आणि आमचे गाळे

अंबाजोगाईकडच्या आम्हा लोकांचा जिल्हा बीड असला, तरी बाजार लातूर आहे. लग्नाचा बस्ता बांधायचा असो की लेकीच्या अंगावर चार मणी घालायचे असोत, मंडळी पहाटेच्या एस.टी.त बसतात ती लातूरला उतरण्यासाठी, आणि उतरल्यावर पाय आपोआप वळतात ते गंजगोलाईकडे. मी सहा-सात वर्षांचा असताना आजोबांचे बोट धरून तेथे प्रथम गेलो. गर्दीत शिरण्यापूर्वी त्यांनी मध्यभागीच्या जगदंबेच्या देवळाची पायरी मला दाखवली आणि बजावले, “चुकलास तर रडत हिंडू नको. ज्या रस्त्यावर असशील त्याच रस्त्यानं सरळ आत ये, देवी दिसंल. हितंच थांब.” मी चुकलो, आणि यथावकाश पायरीवर सापडलोही. एखाद्या पेठेची रचना इतकी उघड असावी, की सहा वर्षांच्या पोरालाही ती एका वाक्यात समजावून सांगता यावी, यातच तिच्या कर्त्याचे कौशल्य आहे, हे कळायला मात्र मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

गंज म्हणजे धान्याची पेठ. हा शब्द फारसीतून आला आणि निजामी अमदानीत मराठवाड्याच्या तोंडी रुळला. ही पेठ लातुरातच का वाढली, याचे उत्तर मला अडीच फुटी रुळांत दिसते. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी 1897 मध्ये इंग्रजी मुलखातल्या बार्शीस पोहोचली होती; आणि बालाघाटावरचा कापूस व गळिताचा माल बैलगाड्यांत भरून, करोडगिरीच्या नाक्यांवर महसूल चुकता करून, त्या बार्शीकडे न्यावा लागत असे. 1911 मध्ये तेच रूळ संस्थानच्या हद्दीत लातूरपर्यंत आले, आणि जो माल लातुरावरून पुढे जात होता तो लातुरातच उतरू लागला. गोलाईच्या मुख्य इमारतीच्या पायाभरणीचे साल 1917 असे सांगितले जाते, आणि आराखड्याशी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचे नाव जोडलेले आहे. रूळ आधी आणि इमारत मागाहून, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता ती रचना जरा जवळून पाहू. मध्ये देवालय, त्याभोवती दुमजली वर्तुळाकार इमारत, आणि तिच्याकडे चहूबाजूंनी येणारे सोळा रस्ते. दिसायला हा केवळ भूमितीचा डौल वाटेल. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब मांडला, तर सोळा रस्ते एका वर्तुळाला मिळतात तेथे बत्तीस कोपरे निर्माण होतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची किंमत काय असते हे कोणत्याही पेठेतल्या मुनिमास विचारावे. शिवाय भरलेली बैलगाडी अरुंद बोळात वळवणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या वर्तुळाचा दुसरा गुण सांगावा लागत नाही: गाडी एका रस्त्याने आत यावी, माल उतरवावा, आणि बैलांना मागे न रेटता दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडावी. रस्त्यांनीही आपापले धंदे वाटून घेतले. सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात. म्हणजे गिऱ्हाइकाने दुकान न विचारता केवळ रस्ता विचारावा, आणि एका दुकानी भाव पटला नाही तर शेजारच्या ओट्यावर बसावे.

गोलाईला दोष नाहीत असे नाही. बैलगाडीच्या मापाने आखलेल्या वर्तुळात आज रिक्षा, हातगाड्या आणि मोटारसायकली यांची जी कोंडी होते, तीत उभे राहून कोणी स्थापत्याची स्तुती करू लागला, तर लोक त्याला बाजूला सारतील, आणि ते योग्यच होईल.

पण आमच्याकडच्या ‘व्यापारी संकुला’शी तिची तुलना करून पाहा. नाव घेत नाही, परंतु आमच्या एका गावी अशी इमारत डोळ्यांदेखत उभी राहिली. ठराव मंजूर झाला, गाळ्यांचा लिलाव झाला, अनामती भरल्या गेल्या, फीत कापली गेली. वरच्या मजल्यावरचे गाळे अद्याप कुलपात आहेत. जिना पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झाला आहे. आणि जिच्यासाठी म्हणून हा खटाटोप होता, ती भाजीवाली त्याच इमारतीच्या सावलीत, रस्त्यावर, पोत्याच्या तुकड्यावर मेथीच्या जुड्या मांडून बसलेली असते. “वर कोण चढतंय भाऊ?” एवढेच ती म्हणते. आराखडा करणाराने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. त्याने गाळे मोजले, पावले मोजली नाहीत.

मंडई बांधणे हे आपोआप लोकहिताचे ठरत नाही, हे जोतीराव फुल्यांनी पुण्यात फार पूर्वी सांगून ठेवले होते. नगरपालिकेचे सभासद असताना, मंडईपेक्षा हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असा त्यांनी विरोध केला. मंडई तरीही झाली, 1886 मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, आणि आज ती फुल्यांच्याच नावाने ओळखली जाते. विरोधकाचे नाव त्याच वास्तूला देऊन टाकण्याची ही युक्ती आपल्या सार्वजनिक जीवनात नवी नव्हे.

हे सारे आताच लिहिण्याचे कारण असे, की 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, अहिल्यानगरहून येणारी रेल्वे अखेर बीडला पोहोचली. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झालेला. म्हणजे मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तिशीला आल्यावर गाडी आली. लातुरास 1911 मध्ये जो योग आला, तो आमच्या दारी आता उभा आहे. स्थानकाकडे जाणाऱ्या वाटांवर प्लॉट पडायला वेळ लागत नाही, आणि प्लॉट पडले की मागाहून रस्ते आखणे म्हणजे शिवलेल्या सदऱ्याला पुन्हा कात्री लावणे होय. म्हणून माझी मागणी साधी आहे: एकाही गाळ्याचा लिलाव पुकारण्यापूर्वी, माल कोणत्या वाटेने उतरेल, कोणत्या वाटेने जाईल आणि भाजीवाली जमिनीलगत कोठे बसेल, याचा नकाशा नगरपरिषदेने चावडीसमोर लावावा. नकाशा करणाऱ्या अभियंत्याने त्याआधी एक दिवस लातूरला जाऊन, सकाळी दहाच्या सुमारास, त्या देवळाच्या पायरीवर तासभर बसून यावे. एस.टी.चे भाडे मी देईन.