बेस इंजिनची एसयूव्ही घाटात दमते का?

ह्युंदाई क्रेटाचं १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ११५ पीएस ताकद देतं. शाळा-ऑफिसच्या फेऱ्यांना ती भरपूर आहे. खरा प्रश्न येतो घाटात.

गाडी घेताना सगळे पीएस विचारतात. चढावर कामाला येतो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. साध्या पेट्रोलचा टॉर्क १४४ एनएम आहे आणि तो पूर्ण मिळतो ४,५०० आरपीएमला. डिझेलची ताकद जवळपास तेवढीच, ११६ पीएस. पण टॉर्क २५० एनएम आणि तो १,५०० आरपीएमपासूनच हाताशी.

त्यामुळे पाच माणसं, डिकीभर सामान आणि एसी सुरू असताना आंबोलीसारख्या घाटात साध्या इंजिनला गिअर खाली आणून पळवावं लागतं. ओव्हरटेकला रस्ताही जास्त लागतो. हे ओळखून चालवलं तर इंजिन पुरेसं आहे. उतावीळपणा केला तर धोका आहे.

वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्यांनी टर्बो किंवा डिझेलसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. दर आठवड्याला घाट चढणाऱ्यांनी मात्र तिथे काटकसर करू नये. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने नको; सगळं घर बसवून, चढावर घ्यावी.