शब्दसूची, संगणक आणि वर्णक्रम

वर्णक्रम ही कोशाची केवळ सोय नव्हे. भाषेने आपल्या ध्वनींविषयी केलेला विचार त्यात साठलेला असतो. शब्दसूची आता संगणकावर सिद्ध होत असताना हा विचार नकळत यंत्राच्या स्वाधीन होत आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

'आर' या सांख्यिकीय संगणकभाषेचे उदाहरण घेऊ. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ती घडविली. तिच्यातील 'ऑर्डर' ही आज्ञा कोणती ओळ कितव्या स्थानी यावी एवढेच सांगते. त्यानुसार सारणीच्या ओळी अखंड लावता येतात. 'सॉर्ट' मात्र सुटा स्तंभ लावते. तो स्तंभ पुन्हा सारणीत बसविल्यास शब्द एका ओळीत आणि त्याचा पृष्ठांक भलत्याच ओळीत जातो; यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही.

वर्णक्रमाची अडचण याहून सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो. केवळ संकेतांकांनुसार लावल्यास माल, माळी, मावशी, माहेर असा क्रम मिळतो. मराठी वर्णमालेप्रमाणे 'माळी' हा 'माहेर'नंतर यावयास हवा. 'क्षमा' तर 'खडक'च्याही आधी येते. देवनागरी अंक मजकूर म्हणून लावले जात असल्याने पृष्ठ १० हे पृष्ठ ९ च्या आधी पडते. सारण्यांसाठी बहुप्रचलित असलेली 'डीप्लायर' ही पुरवणी २०२३ पासून, भाषा न सांगितल्यास, संकेतांकांचाच क्रम धरते.

शोधाची सोय असताना क्रमाचे एवढे महत्त्व कशाला, असा आक्षेप संभवतो. परंतु छापील सूचीत 'माहेर'नंतर 'माळी' न दिसल्यास वाचक तो शब्द त्या कृतीत नाहीच असे समजतो, आणि अशा अभावावर पुढील निष्कर्ष उभे राहतात. सूचीतील चूक अशा रीतीने समीक्षेतील चूक होते.

म्हणून आज्ञेत मराठी भाषा स्पष्टपणे नमूद करावी, हाती आलेला क्रम वर्णमालेशी ताडून पाहावा आणि कोणता क्रम स्वीकारला हे प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात सांगावे. मार्गदर्शकांनीही ते विचारावे. क्रम यंत्राने लावला, तरी त्याचे उत्तरदायित्व संशोधकाचेच राहते.