हसण्यावारी न न्यावी अशी चूक

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका रंगात आलेली असते आणि एखादा चाणाक्ष प्रेक्षक मध्येच विचारतो, ‘‘आत्ता तर तिच्या हातातला कप भरलेला होता; तो रिकामा कसा झाला?’’ अशा चुका हेरण्याचा अनेकांना छंद असतो. त्यात निरीक्षणाचा आनंद आहे. परंतु मालिकांतील सगळ्याच चुका एका मापाने मोजता येत नाहीत. काही चुका हसून सोडून द्याव्यात अशा असतात, तर काही हसण्यावारी नेणे योग्य नसते. हा भेद निर्मात्यांनी ओळखायला हवा, तसाच प्रेक्षकांनीही.

पहिला प्रकार सातत्याच्या चुकांचा. मालिकेतील एकच प्रसंग निरनिराळ्या कोनांतून आणि पुन्हा पुन्हा चित्रित केला जातो. संकलक त्यांतील चांगले तुकडे निवडून जोडतो. दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात कपातील चहा कमी होतो, खुर्ची सरकते, केसांची बट जागा बदलते. हे टाळण्यासाठी बारीकसारीक नोंदी ठेवणारी स्वतंत्र व्यक्ती असते. तरीही चूक राहतेच. विनोदाची सारी भिस्त अचूक वेळेवर असते. चहाची पातळी जुळणारा पण फिका तुकडा आणि पातळी न जुळणारा पण हशा पिकवणारा तुकडा, यांतून संकलकाने दुसरा निवडला, तर त्याला दोष देता येणार नाही.

मालिका अनेक वर्षे चालली, की पात्रांचा पूर्वेतिहासही बदलू लागतो. कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयावरील ‘मॅश’ ही अमेरिकन मालिका १९७२ ते १९८३ या काळात चालली. प्रत्यक्ष युद्ध मात्र जून १९५० ते जुलै १९५३ असे तीनच वर्षांचे होते. तिचा नायक, डॉक्टर हॉकाय पियर्स, सुरुवातीच्या भागांत आई आणि बहीण यांचा उल्लेख करतो. पुढे तोच लहानपणी आई गमावलेला, एकुलता एक मुलगा ठरतो.

अशी चूक कौशल्याने सावरताही येते. ‘चिअर्स’ या मालिकेत फ्रेझर क्रेन या मानसोपचारतज्ज्ञाने आपले शास्त्रज्ञ वडील वारल्याचे सांगितले होते. १९९३ मध्ये त्याच पात्रावर ‘फ्रेझर’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली. तीत त्याचे वडील जिवंत होते आणि ते निवृत्त पोलीस होते! १९९५ मधील एका भागात जुना मित्र सॅम भेटायला येतो आणि चकित होतो. तेव्हा फ्रेझर कबूल करतो, की वडिलांशी भांडण झाल्यामुळे आपण तसे सांगितले होते. लेखकांनी विसंगती झाकली नाही. तिच्यातूनच त्यांनी एका दुखावलेल्या मुलाचे मन दाखवले. या साऱ्या चुका कथेच्या काल्पनिक जगातल्या. हॉकायला बहीण होती की नव्हती, यामुळे प्रेक्षकाच्या ज्ञानात भलतीच भर पडत नाही.

दुसरा प्रकार वस्तुस्थितीच्या चुकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. २००८ मध्ये सुरू झालेली ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ ही मालिका घराघरांत पोहोचली. एप्रिल २०२२ मधील तिच्या एका भागात ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत १९६५ मधले असल्याचे सांगितले गेले. प्रेक्षकांनी चूक दाखवून दिली आणि निर्मात्यांनी समाजमाध्यमांवर जाहीर क्षमा मागितली. कवी प्रदीप यांचे हे गीत सी. रामचंद्र यांनी संगीतबद्ध केले. २७ जानेवारी १९६३ रोजी लता मंगेशकर यांनी ते दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत गायले.

दोन वर्षांच्या फरकाने असे काय बिघडते? हे गीत १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धातील हुतात्म्यांच्या स्मृतीचे आहे. १९६५ हे वर्ष सांगताच ऐकणाऱ्याच्या मनात पाकिस्तानबरोबरचे युद्ध उभे राहते. पंडित नेहरूंचे निधन मे १९६४ मध्ये झाले होते; म्हणजे ते गीत ऐकताना तेथे असणेही अशक्य ठरते. एका आकड्यामुळे हुतात्म्यांची एक पिढी स्मरणातून बाजूला सारली जाते.

यावर कोणी म्हणेल, की विनोदी मालिका म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. हे खरे आहे. चुकीचे ज्ञान पाजळणारे पात्र तर विनोदाचा जुना आधार आहे. मात्र तेथे ते पात्र चुकते आहे हे लेखकाला ठाऊक असते, आणि प्रेक्षकालाही ते कळते. अज्ञान पात्राचे असेल, तर हसू येते. ते लेखकाचेच असेल, तर प्रेक्षकाची फसगत होते. हसत असलेले मन सावध नसते; त्या क्षणी ऐकलेले त्यात सहज रुजते. ज्यांच्या हाती पुस्तके कमी येतात, त्यांच्यासाठी तर दूरचित्रवाणी हाच माहितीचा मोठा आधार असतो. त्यांचा विश्वास हे निर्मात्यांवरील ऋण आहे.

म्हणून मालिकेत खरे वर्ष, खरी व्यक्ती किंवा खरी घटना आली, की चित्रीकरणापूर्वी ती पडताळून पाहिली पाहिजे. चूक झालीच, तर दुरुस्ती त्याच मालिकेत, त्याच प्रेक्षकांसमोर व्हावी. कारण मालिका पाहणारा प्रत्येक जण समाजमाध्यमांवर असतोच असे नाही. प्रेक्षकाचेही कर्तव्य आहे. कपातील चहा कमी झाल्याचे हेरणारी नजर त्याच्याजवळ आहे. मालिकेत ऐकलेले वर्ष मुलांना सांगण्यापूर्वी त्याने तीच नजर त्या वर्षाकडेही वळवावी.