शब्दतक्त्यातील हवा आणि शिवारातील पाऊस

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला जे शब्दसमूह प्रथम दिले जातात, त्यांत रंग, फळे आणि प्राणी यांच्या पाठोपाठ हवामान आणि व्यवसाय हे दोन विषय हटकून येतात. ही निवड चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्या राज्यातील बहुतांश शेती आजही पावसावर विसंबून आहे आणि जेथील लक्षावधी माणसे कामासाठी दरवर्षी गाव सोडतात, तेथे पाऊस आणि काम यांहून निकडीचे विषय दुसरे कोणते असणार? प्रश्न आहे तो या दोन मथळ्यांखाली कोणते शब्द शिकवले जातात, हा.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्यापूर्वी मराठी शाळांत ते पाचवीपासून शिकवले जाई. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आता तिशीत आहेत. इंग्रजी लवकर शिकवावे की उशिरा, यावर त्या वेळी बराच वाद झाला. त्या वादात काय शिकवावे हा प्रश्न मागे पडला आणि तो अद्याप मागेच आहे.

बाजारात मिळणारा कोणताही शब्दतक्ता पाहावा. सूर्य, ढग, वारा, पाऊस आणि बर्फ अशी पाच चित्रे आणि त्यांखाली पाच विशेषणे. बीडच्या मुलाने बर्फाचा शब्द शिकला म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते शब्दांबरोबर नकळत येणाऱ्या मूल्यमापनामुळे. इंग्लंडमध्ये पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडत असतो. त्यामुळे कोरडा, उन्हाचा दिवस तेथे 'फाइन' आणि पावसाचा दिवस 'बॅड' ठरला, हे स्वाभाविकच आहे. परंतु मराठवाड्यात जुलैच्या मध्यावर आठ दिवस लख्ख ऊन पडले, तर त्या हवेला 'फाइन' म्हणणाऱ्या मुलाकडे त्याचा बाप काय म्हणून पाहील? मराठीत पाऊस थांबण्यालाही दोन शब्द आहेत. कोळपणी-खुरपणीला सवड देते ती उघडीप. पीक करपवतो तो खंड. इंग्रजीही या बाबतीत दरिद्री नाही. हवामानशास्त्राच्या इंग्रजीत 'ब्रेक' आहे, 'ड्राय स्पेल' आहे. दरिद्री आहे तो तक्ता.

शास्त्राची ही भाषा तज्ज्ञांपुरती राहिली असती, तर तिची चिंता करण्याचे कारण नव्हते. हवामान खात्याच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस 'हेवी', त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत 'व्हेरी हेवी' आणि त्याहून अधिक 'एक्स्ट्रीमली हेवी' होय. 'आयसोलेटेड' म्हणजे विभागातील फार तर पाव भागातील केंद्रांवर पडणारा, 'स्कॅटर्ड' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवरचा आणि 'वाइडस्प्रेड' म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांवरचा पाऊस. आकाशवाणीवर वर्षानुवर्षे ऐकू येणारे 'तुरळक ठिकाणी' आणि 'काही ठिकाणी' हे शब्द सैल बोलण्याचे नमुने नव्हेत. त्यांच्यामागे हे मोजमाप आहे. ते ज्याला ठाऊक नाही, तो तुरळक पावसाच्या भरवशावर बियाणे मातीत टाकतो आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर घेतो. २०१६ साली सुरू झालेल्या पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट घालण्यात आली. गारपीट, जलमय शेत आणि अतिवृष्टी यांना कागदावर काय म्हणतात हे शोधण्यात त्यातील एक दिवस गेला, तर तो शब्दसंग्रहाचा दोष राहत नाही, तो पैशाचा तोटा होतो.

व्यवसायांच्या पाठाची अवस्था याहून वेगळी नाही. त्यात डॉक्टर, पायलट, इंजिनिअर, पोलीस असतात. गवंडी, हमाल, ऊसतोड कामगार, शेतमजूर यांना तेथे जागा नसते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण व्यवहाराने केव्हाच उलटी केली. तक्ता तिच्या पुढे जाऊन पहिल्या दोहोंना जवळजवळ वगळूनच टाकतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या आईचा व्यवसाय मूल 'हाउसवाइफ' असा लिहिते, कारण दुसरा शब्द त्याला कोणी दिलेलाच नसतो. मोठ्यांची गणनाही याबाबत फारशी उदार नाही. २०११ च्या जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारी व्यक्ती 'मेन वर्कर', त्याहून कमी काम करणारी 'मार्जिनल वर्कर' आणि केवळ घरकाम करणारी स्त्री 'नॉन-वर्कर' गणली गेली. नाव देणे म्हणजे मोल ठरवणे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये.

वास्तविक, श्रमिकांनी आपल्या गरजेचे इंग्रजी शाळेची वाट न पाहता मिळवले, असाच या राज्याचा इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या निरक्षर स्त्रीला 'मस्टर' हा शब्द कळत होता, कारण त्यावर नाव चढल्याखेरीज मजुरी मिळत नव्हती. त्या दुष्काळाच्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. पाऊस आणि रोजगार हे दोन धडे किती जवळचे आहेत, याचा दुसरा पुरावा नको. कोकणातून गिरणगावात आलेल्या कामगाराने 'शिफ्ट', 'ओव्हरटाइम', 'बोनस' आणि 'फंड' आत्मसात केले आणि बदल्यात आपला 'बदली' हा शब्द इंग्रजीला दिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो व्याख्येसह होता. 'मॉन्सून' आणि आपला 'मोसम' यांचे मूळ एकाच अरबी शब्दात आहे. 'खरीप' आणि 'रब्बी' तर सरकारी इंग्रजी अहवालांत कधीचेच स्थिरावले आहेत. या देशाची इंग्रजी ही अशी देवघेवीतून घडलेली आहे. मग ती वर्गात मात्र परक्या हवेची चित्रे घेऊन का यावी?

या उणिवेची किंमत पुढे नियुक्तिपत्रावर सही करताना मोजावी लागते. तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या तरुणाला 'पायलट' ठाऊक असतो. 'प्रोबेशन', 'कॉन्ट्रॅक्च्युअल' आणि 'नोटीस पीरियड' ठाऊक नसतात. 'कॉस्ट टू कंपनी' म्हणजे हाती येणारा पगार नव्हे, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटाही त्यातच धरलेला असतो, हे त्याला पहिल्या महिन्याच्या अखेरीस उमगते.

लहान मुलांवर असल्या रुक्ष शब्दांचा भार टाकावा काय, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पहिलीच्या मुलाला नियुक्तिपत्र वाचायला लावावे, असे कोणीच सुचवणार नाही. पण त्याला 'रेन' शिकवताना वळीव, संततधार आणि उघडीप हे शब्द वर्गात उच्चारले जावेत, पाचवीत 'मेसन' आणि 'फार्म लेबरर' यावेत, आठवीत हवामानाचा अंदाज वाचला जावा आणि बारावीपूर्वी नोकरीच्या कराराचा एक नमुना तरी डोळ्यांखालून जावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यासाठी नवी इमारत नको, नवे अनुदान नको. मुलाच्या घरचे आभाळ आणि घरचे काम ही शिकवण्याजोगी सामग्री आहे, एवढे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी मान्य करावे. मातृभाषेत ज्याचा अर्थ पक्का आहे, तोच शब्द परभाषेत टिकतो. उरलेले पाठांतर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरण्यासाठीच असते.