पिकअप गाडीचा दिवा आणि व्यापाऱ्याचा धर्म

व्यापारीमंडळाच्या स्मरणिकेत करभार, बाजारभाव, संघटना अशा भारदस्त विषयांची चर्चा व्हावी, असा संकेत आहे. अशा ठिकाणी आम्ही पिकअप गाडीच्या पुढच्या दिव्यांसारखा किरकोळ विषय घेऊन उभे राहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु जी गाडी आपला माल वाहते आणि आपल्या पेढीचे नाव मिरवीत रात्री रस्त्याने धावते, तिच्या दिव्याचा विचार हा केवळ खर्चाचा नव्हे, तर आचाराचाही विचार आहे, असे आमचे नम्र मत आहे.

देवास जिल्ह्यातील आमचा टोंकखुर्द तालुका सोयाबीन, गहू आणि हरभरा यांचा. ज्या देवास शहरास १९९० साली आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात २००६ पासून शेततळ्यांची मोठी चळवळ झाली आणि कोरड्या रानांत रब्बीची पिके उभी राहिली. पिके वाढली, तशी वाहतूकही वाढली. लहान पेढीची पिकअप सकाळी धान्य घेऊन देवासच्या मंडीत जाते, दुपारी इंदूरच्या सियागंजात किराणा भरते आणि महामार्ग सोडून गावच्या रस्त्यास लागते, तेव्हा अंधार पडलेला असतो. पुढे कोठे मागचा दिवा नसलेली ट्रॉली, कोठे रस्त्यातच रवंथ करीत बसलेली गुरे, तर कोठे कांबळे पांघरून चाललेला शेतकरी. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकाचे लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर सरतात. भरलेली गाडी थांबण्यास पुढे आणखी तितके तरी अंतर हवे. दिवा याहून कमी अंतरावरचे दाखवीत असेल, तर ती गाडी डोळे मिटूनच चालली आहे असे समजावे.

मग बाजारात स्वस्त एल.ई.डी. बल्ब मिळतात, ते बसवून का टाकू नयेत? आम्हीही एकदा तसेच केले. पांढराशुभ्र झोत पाहून आम्ही संतुष्ट झालो. पण आठवड्याच्या आतच समोरून येणारे ओळखीचे गाडीवाले थांबवून बोल लावू लागले. एका मोटारसायकलस्वाराने तर डोळे दिपून गाडी खाली उतरविली. दैवाने त्यास इजा झाली नाही. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

यामागील शास्त्र साधे आहे. हॅलोजन दिव्याचा परावर्तक हा तारेच्या नेमक्या जागेवरून प्रकाश येईल, असे धरून घडविलेला असतो. जवळच्या झोताच्या तारेखाली बल्बात एक लहानशी धातूची वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडविते. परकी रचना त्या घरात घातली की प्रकाश वाढल्यासारखा वाटतो, पण तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ यांतील १०६ व्या नियमाने दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा व कोणाचेही डोळे दिपू नयेत, असे बंधन घातले आहे. जुन्या पिढीस काचेवरचा काळा ठिपका आठवत असेल. त्याचा हेतूही हाच होता.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, नवा प्रकाश विकत घेण्यापूर्वी गमावलेला प्रकाश परत मिळवावा. तो फार स्वस्तात मिळतो. प्रथम दिव्याचे आवरण पाहावे. ते प्लॅस्टिकचे असल्यास उन्हाने पिवळे व धुरकट होते. बारीक पाणकागदाने घासून, पॉलिश करून वर संरक्षक लेप दिल्यास निम्मे दुखणे तेथेच जाते. दुसरे, इंजिन चालू ठेवून बॅटरीचा आणि बल्बच्या टोकाशी येणारा दाब मीटरने मोजावा. बारीक, गंजलेल्या वायरींत दाब गळतो, आणि दाब एकदशांशाने घटला तर प्रकाश जवळजवळ तीनदशांशाने घटतो! व्याजाचा हिशेब पैपर्यंत करणाऱ्या आपल्या लोकांनी ही तूट वर्षानुवर्षे सोसावी, हे आश्चर्य होय. बॅटरीपासून फ्यूज व रिले घालून जाड वायर ओढली आणि अर्थिंगची टोके घासून घट्ट केली की तूट भरून निघते. खर्च काही शे रुपयांचा. तिसरे, दोन्ही बल्ब एकाच वेळी, चांगल्या कंपनीचे आणि ठरलेल्या ६०/५५ वॅटचेच घालावेत. अधिक वॅटचा बल्ब होल्डर वितळवितो व परावर्तक जाळतो.

चौथी गोष्ट बिनखर्चाची, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. माल भरला की गाडीचे मागचे अंग बसते, तोंड वर होते आणि झोत आकाशास लागतो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर, नेहमीइतका माल भरून गाडी उभी करावी. जवळच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. न पडल्यास झोत तितका खाली उतरवून घ्यावा.

काटकसर व कंजुषी यांतील भेद आपणांस कोणी शिकवावा असे नाही. परंतु येथे प्रश्न पैशाचा राहत नाही. उमास्वातींनी हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादावर बोट ठेवले. केवळ प्राणहानीवर नव्हे. प्रमादाचरणास अनर्थदंडात गणणाऱ्या श्रावकाने आपली गाडी अर्धवट आंधळी, किंवा दुसऱ्यास आंधळे करणारी ठेवावी काय? आपले साधु-साध्वी ईर्यासमिती पाळून, पुढची चार हात भूमी निरखीत पायी विहार करतात. उन्हाळ्यात ऊन टाळण्यासाठी कित्येकदा पहाटेच त्यांची पावले महामार्गाच्या कडेने पडत असतात, आणि विहारातील अपघातांची दुःखद वृत्ते आपण वाचीत असतो. ते चार हात पाहून चालतात; त्यांच्यामागून येणाऱ्या आपल्या गाडीने पन्नास मीटर तरी पाहू नये काय?

म्हणून आमची मंडळास एक सूचना आहे. प्रतिवर्षी दिवाळीपूर्वी एक दिवस सभासदांच्या गाड्यांची दिवे-तपासणी ठेवावी. एक सपाट अंगण, एक भिंत, एक मीटर आणि एक जाणता विद्युत-मिस्त्री, एवढेच साहित्य लागेल. त्याच दिवशी आपल्याकडे माल आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या पट्ट्या मंडळाच्या खर्चाने लावून द्याव्यात. हा दानधर्म लहान आहे, पण त्याचे फळ त्याच रात्री दिसेल.

भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ज्ञानाचा प्रकाश मावळला म्हणून राजांनी दीप उजळले, अशी आपली परंपरा सांगते. त्या दीपांच्या साक्षीने आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. यंदा वही उघडण्यापूर्वी अंगणात उभ्या असलेल्या गाडीचेही दिवे एकदा लावून पाहावेत, एवढीच प्रार्थना.