दारासिंगचा कस

दारासिंगचं नाव निघालं की पवईत अजूनही दोन तट पडतात. तलावाकाठी संध्याकाळी बसणाऱ्यांत लार्सन अँड टुब्रोतून निवृत्त झालेले सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे बरेच जण असतात. तरुणपणी गावच्या तालमीत अंगाला माती लावलेली ही माणसं. त्यांच्या मते दारासिंग म्हणजे धिप्पाड देह, देखणा चेहरा आणि बाकी सगळी नुरा, म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. दुसऱ्या तटात मुंबईतच वाढलेले. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवरच्या फ्रीस्टाइल दंगली त्यांनी लहानपणी वडिलांचं बोट धरून पाहिल्या. दारासिंगबद्दल पुरावा मागणंच त्यांना गैर वाटतं. वाद कुठूनही सुरू होवो, गाडी एकाच प्रश्नाशी अडते: तो खरा लढायचा, की ठरवून?

मातीतल्या माणसाचा आक्षेप आधी नीट ऐकायला हवा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पाठ मातीला टेकली की कुस्ती निकाली. कुणी घिस्सा मारतो, कुणी ढाक लावतो, कुणी कलाजंगवर उचलतो आणि क्षणात समोरचा आस्मान बघतो. कधी तासभर नुसती खडाखडी चालते आणि शेवटी पंच जोड बरोबरीत सोडवतात. लोक कंटाळले म्हणून कुणी डाव लवकर टाकत नाही. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जकार्ता एशियाडमधून आंदळकर आणि मारुती माने या दोघांनीही एक सुवर्ण आणि एक रौप्य अशी दोन-दोन पदकं आणली. ज्यांनी हे मल्ल जवळून पाहिले, त्यांना दोरांवर आदळून परत येणारा आणि मुठी आवळून पंचांवर ओरडणारा परदेशी पैलवान तमाशातला वाटला, यात नवल काही नाही.

पण दारासिंगही मातीतूनच आला होता, हे या तटाला आठवत नाही. १९ नोव्हेंबर १९२८ चा त्याचा जन्म, अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा. १९४७ मध्ये तो सिंगापूरला गेला, तिथे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला आणि ग्रेट वर्ल्डमध्ये हरनामसिंग या वस्तादाच्या हाताखाली घडला. हे ग्रेट वर्ल्ड म्हणजे करमणुकीचं उद्यान. सिनेमा, खाणंपिणं, पाळणे, आणि त्याच आवारात कुस्तीची रिंग. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा उलगडा इथेच होतो. अंगात पंजाबच्या आखाड्याची मेहनत, आणि समोर तिकीट काढून बसलेलं पब्लिक. दोन्ही विद्या त्याने एकदमच आत्मसात केल्या.

१९५४ मध्ये टायगर जोगिंदरसिंगला हरवून तो रुस्तम-ए-हिंद झाला. महाराजा हरिसिंग यांच्याकडून त्याला चांदीचा कप मिळाला. हा जोगिंदरसिंग काही लुंगासुंगा नव्हता. दुसऱ्याच वर्षी किंग काँग या पैलवानाच्या जोडीने त्याने जपानमध्ये आशियाई टॅग टीमचा किताब मारला. १९५९ मध्ये कोलकात्यात दारासिंगने कॅनडाच्या जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेतेपद घेतलं. धंद्यातली जुनी माणसं गॉर्डिएन्कोला फार मानत. खरोखर भिडायची वेळ आली तर भल्याभल्यांना भारी पडेल असा तो गडी. (पुढे तो चित्रकार म्हणून नावारूपाला आला, हेही कुस्तीच्या चाहत्यांनी लक्षात ठेवण्यासारखं.)

चाहत्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त फिरतो तो मात्र किंग काँगचा किस्सा. किंग काँग म्हणजे हंगेरीचा एमिल झाया, वजन दोनशे किलोच्या घरात, आणि दारासिंग १३० च्या आसपास. दाराने त्याला डोक्यावर उचललं, गरागरा फिरवलं आणि रिंगबाहेर फेकलं, असं सांगितलं जातं. सांगणाऱ्यागणिक गाव बदलतं, सालही बदलतं. नुरा म्हणणारे इथे हसतात: दोनशे किलोचा माणूस स्वतः उडी मारून मदत करत असणार! असेलही. अशा उचलीत वर जाणाऱ्याचा झोक आणि उचलणाऱ्याची कंबर यांचा ताळमेळ लागतो, हे व्यावसायिक कुस्तीतलं उघड गुपित आहे. पण झोक फक्त सुरुवातीला मिळतो. एकदा तो देह खांद्यापार गेला की त्याखाली मान, पाठीचा कणा आणि गुडघे उचलणाऱ्या एकट्याचेच असतात. तोल एक वीत चुकला तर दोघांपैकी एक कायमचा जायबंदी. बारबेल निदान दोन्ही बाजूंना सारखी असते, घामाने निसरडी नसते आणि श्वास घेत नाही.

पडण्याचंही तसंच. रिंगच्या कॅनव्हासखाली पातळ गादी आणि त्याखाली लाकडी फळ्या. पाठीवर आपटताना हनुवटी छातीशी घ्यायची, नाहीतर डोकं मागे आदळतं. खांद्याच्या फऱ्यांपासून कमरेपर्यंतचा भाग एकदम टेकवायचा, तळवे आणि बाहू त्याच क्षणी फळ्यांवर हाणायचे, श्वास सोडून द्यायचा. लोकांना मोठा आवाज ऐकू येतो आणि मार पाठभर वाटला जातो. महिनोन् महिने फक्त हेच घोटावं लागतं. दारासिंग १९४८ च्या सुमारास या पेशात उतरला आणि १९८३ मध्ये दिल्लीतल्या स्पर्धेनंतर निवृत्त झाला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत ज्याची पाठ आणि मान शाबूत राहिली, त्याचं अंग किती शिकलेलं होतं हे मातीतल्या वस्तादालाही कळायला हरकत नसावी.

भक्तांच्या तटाचंही सगळं मानता येत नाही. ‘पाचशे कुस्त्या, एकही हार नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं छापून येतं. व्यावसायिक कुस्तीत हारजीत प्रवर्तकाच्या हिशेबात असते. कुणाला कुठल्या शहरात जिंकवलं तर पुढच्या आठवड्यात स्टेडियम भरेल, यावर निकाल ठरतात. तिथे अपराजित राहणं म्हणजे प्रवर्तकाचा अपार विश्वास मिळवणं. ते मोठंच आहे, पण खंचनाळ्यांच्या विजयाशी त्याची तुलना लावली की दोघांवरही अन्याय होतो.

आणि ठरवाठरवी मोडली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारी घडलं आहे. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत भोलू या पाकिस्तानी पैलवान घराण्याचा अक्रम पहिलवान आणि जपानचा अँटोनियो इनोकी समोरासमोर आले. लढत खरीखुरी झाली, इनोकीने अक्रमचा हात पकडीत घेतला आणि तो निकामी केला. रिंगमध्ये उतरणाऱ्या प्रत्येकाला हा धोका ठाऊक असे. समोरच्याच्या मनात काही वेगळं आलं तर स्वतःला सोडवता येईल एवढी अस्सल कुस्ती अंगात असावीच लागे. गॉर्डिएन्कोसारख्याशी भिडताना तर नक्कीच.

पैशाची बाजू या वादात कुणी काढत नाही, आणि ती काढायलाच हवी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी गावाने वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं, आणि पुढचं आयुष्य पोलिसातल्या नोकरीत गेलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० च्या सुमारास. खाशाबा नोकरीत होते त्याच काळात दारासिंगच्या नावावर स्टेडियम भरत होती. १९६२ मध्ये ‘किंग काँग’, १९६३ मध्ये ‘फौलाद’. मुमताजबरोबर त्याचे एकामागून एक स्टंटपट आले. सरकारने अस्सल कुस्तीला वाऱ्यावर सोडलं आणि तिकीटबारीने दिखाऊ कुस्तीला पोसलं, याचा राग कोल्हापूरकराने जरूर धरावा. पण तो दारासिंगवर निघतो, तेव्हा पत्ता चुकलेला असतो.

पवईत तिसरी पिढी आहे, ती हिरानंदानीच्या इमारती उभ्या राहत असताना वाढली. नव्वदच्या दशकात केबल आली आणि पोरांच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्तीची ट्रम्प कार्डं आली. उंची, वजन, छाती, रँक. त्यातल्या अंडरटेकर या पैलवानाला सात जीव आहेत, अशी पोरांची ठाम समजूत. १९९६ च्या ‘खिलाड़ियों का खिलाड़ी’त अक्षयकुमार त्याच्याशी लढला तेव्हा वर्गावर्गात तोच विषय, तो खरा अंडरटेकर नसून ब्रायन ली आहे, हे पुढे कधीतरी कळलं. ही पोरं आता चाळिशीला आली. निकाल आधी ठरतो हे त्यांना केव्हाच माहीत झालं, तरी त्यांचं बघणं सुटलं नाही. उलट ते बारीक झालं. डाव स्वच्छ बसला का, समोरच्याला इजा होऊ न देता पेललं का, हरणाऱ्याला मोठं करून मग हरवलं का, पंचवीस मिनिटं दम टिकला का. रेसलमेनियातली अंडरटेकरची एकवीस विजयांची मालिका २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरने मोडली, तेव्हा रडलेली माणसं हीच. आणि २०२० मध्ये तो निवृत्त झाला त्याच्या आधीची काही वर्षं त्याचे पाय साथ देत नव्हते, हे स्पष्ट बोलणारेही हेच.

दारासिंगला खरा न्याय द्यायचा तर या तिसऱ्या पिढीच्या नजरेने द्यावा. पटकथा आहे हे मान्य करावं आणि मग विचारावं, गडी त्यात कसा उतरला? किंग काँग राक्षस वाटायचा तो दारासिंगमुळे, कारण सुरुवातीला मार खाण्याचं काम दारासिंग मन लावून करायचा. परदेशी दांडगा आपल्या पोराला चेपतोय हे बघून हजारो लोक उभे राहायचे, आणि मग तो उठायचा. स्वातंत्र्य मिळून उणीपुरी दहा वर्षं झालेल्या देशाला त्या उठण्याची भूक होती. १९८७ मध्ये तो ‘रामायण’मध्ये हनुमान झाला तेव्हा साठीला टेकला होता, तरी खांद्यावर गदा शोभली.

उरतो प्रश्न २९ मे १९६८ चा. त्या दिवशी मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं आणि विश्वविजेता म्हणवला गेला. शंकेखोर लगेच हिशेब मांडतात: थेझ बावन्न वर्षांचा, दारासिंग एकोणचाळीसचा, शिवाय एनडब्ल्यूए या अमेरिकी संघटनेचा जागतिक किताब थेझने १९६६ च्या जानेवारीतच जीन किनिस्कीला देऊन टाकला होता, मग मुंबईत पणाला लागलं ते नेमकं कुठलं विश्वविजेतेपद? हिशेब बरोबर आहे. तो किताब प्रवर्तकांनी उभा केलेला होता, आणि भक्तांनी हे मान्य करून टाकावं.

मात्र थेझ कोण होता तेही त्याच दमात सांगायला हवं. जॉर्ज ट्रॅगोस, अॅड सँटेल, एड ‘स्ट्रँगलर’ लुइस यांच्याकडून तो शिकला. सांधा पिरगाळून माणसाला जागच्या जागी थांबवणाऱ्या जुन्या पकडींचा तो जाणता. ज्याला कुस्ती येत नाही अशा दिखाऊ पैलवानाबद्दल त्याला तिटकारा होता, आणि तो लपवण्याची त्याला कधी गरज वाटली नाही. शेवटचा सामना तो १९९० मध्ये जपानमध्ये खेळला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. या माणसाने दारासिंगला अस्सल मल्ल मानलं, त्याच्या शरीराच्या तयारीला उत्तम म्हटलं, आणि त्याच्याकडून हरायला आपली काहीच हरकत नव्हती असं सांगितलं.