परवाना कशाचा? हाताचा की पासपोर्टचा?

अमेरिकेतल्या मराठी पॉटलकमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "आम्ही बाबा सगळं रीतसर केलं, रांगेत उभे राहिलो." आणि दुसरं, "या बेकायदा राहणाऱ्यांना म्हणे आता प्रोफेशनल लायसन्सपण द्यायची!" यावर माना डोलावणारे पुष्कळ असतात. म्हणून हा विकांत त्या दुसऱ्या वाक्यावर खर्ची घालतोय.

मुळात लायसन्स कशासाठी असतं? इथे वकील, नर्स, डेंटिस्टच काय, केस कापणाऱ्यालाही राज्याचा परवाना लागतो. कारण गिऱ्हाइकाच्या मानेशी वस्तरा नेणाऱ्याला तो धरता येतो का, हे कुणीतरी तपासलेलं असावं. बस्स, एवढंच.

पण १९९६ च्या फेडरल कायद्याने या परवान्याला 'सरकारी लाभ' ठरवलं, म्हंजे सरकारी मदतीच्याच पंगतीत बसवलं आणि कागदपत्रं नसलेल्यांना बंद केलं. राज्याने स्वतःचा वेगळा कायदा केला तरच दार उघडतं. आता मला सांगा, अभ्यास आपण करायचा, फी आपण भरायची, परीक्षा आपण पास व्हायची आणि शेवटी मिळतो तो म्हणे सरकारचा लाभ! हे कुठलं गणित?

बरं, त्या 'रांगे'चं बोलू. सर्जिओ गार्सिया हा मेक्सिकोतून तान्हेपणी आईबापांनी आणलेला मुलगा. मधे काही वर्षं परत जाऊन सतराव्या वर्षी पुन्हा आला. वडिलांनी त्याच्यासाठी १९९४ साली अर्ज केला, १९९५ मध्ये तो मंजूरही झाला. गडी वकिलीची परीक्षा पास झाला, तरी व्हिसाचा नंबर काही लागेना. शेवटी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याला सनद दिली. तोवर १९ वर्षं तो रांगेतच होता! ग्रीन कार्डच्या तारखा बघून उसासे टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी तरी त्याला रांग शिकवू नये.

आता आपल्या घरात डोकावू. पुण्यात फिजिओथेरपी किंवा डेंटिस्ट्री केलेली मुलगी नवऱ्याच्या एच-१बीमुळे एच-४ वर येते. परवान्याच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. तो वर्क परमिटशिवाय मिळत नाही. गंमत म्हणजे हा नंबर मागायची सक्ती त्याच १९९६ च्या कायद्यातली आणि हेतू काय, तर मुलांची पोटगी बुडवणाऱ्यांना पकडणं!

कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने ग्राहक खात्याखालच्या सगळ्या परवाना मंडळांना सांगितलं, की त्याऐवजी आयकर खात्याने दिलेला नंबरही चालवा आणि इमिग्रेशन स्टेटस बघून नकार देऊ नका. म्हंजे ज्या दाराने कागद नसलेला न्हावी आत आला, त्याच दाराने आपली एच-४ वाली डेंटिस्टही आली. भिंत एकच होती, राव.

आणि एच-१बी वाले तरी सुरक्षित होते का? न्यूयॉर्कच्या कायद्यात फार्मासिस्टचं लायसन्स फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना होतं. तात्पुरत्या व्हिसावरचे, सगळे रीतसर आलेले फार्मासिस्ट कोर्टात गेले, तेव्हा कुठे २०१२ मध्ये ती अट घटनाबाह्य ठरली.

त्याही आधीचं उदाहरण सखाराम गणेश पंडित यांचं. नाव वाचूनच आपले कान टवकारतात ना? १९१४ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि पुढे ते कॅलिफोर्नियात वकील झाले. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं. त्या खटल्यात थिंदचे वकील होते पंडितच. मग सरकार त्यांच्याच नागरिकत्वावर उठलं. ते गेलं असतं तर सनदही गेली असती. ते लढले आणि १९२६ मध्ये अपिलात जिंकले. पण वकिली येते की नाही, हा प्रश्न त्यात कुणालाच पडला नव्हता.

एक मान्य. परवाना म्हंजे वर्क परमिट नव्हे. नोकरीवर ठेवणाऱ्याने कागद तपासायचे, हा १९८६ चा नियम वेगळा आहेच आणि परवाना दिल्याने तो मोडत नाही. देशात कोणी राहावं हे ठरवायला इमिग्रेशन खातं आहे. ते काम न्हाव्यांच्या मंडळाला का सांगायचं? परवाना नाकारला म्हणून माणूस देश सोडून जात नाही. तो तेच काम चोरून करतो आणि बिघडलं तर गिऱ्हाइकाला तक्रार करायला जागा उरत नाही.

आपल्याला हे सगळं टोचत नाही, कारण आपल्या धंद्याला लायसन्सच लागत नाही. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहिताना कुणी विचारलंय का, बाबा रे, परवाना दाखव? :-)

असो. नेवाडाने २०१९ मध्ये, न्यू जर्सीने २०२० मध्ये, कोलोरॅडोने २०२१ मध्ये असे कायदे केले. तुमच्या राज्यात काय आहे ते शोधा. नसेल तर तिथल्या लोकप्रतिनिधीला चार ओळी लिहा, त्याला नागरिक असावं लागत नाही. आणि त्या डेंटिस्ट मुलीलाही सांगा, तिला कदाचित ठाऊकच नसेल.